मनातल्या मनात हाक

९ जानेवारी

ही डायरी दामले वहिनींनी दिली. दरवर्षी फॅक्टरी सगळ्यांना एकेक देते, यंदा ह्यांनी आणलीच नाही. विचारलं तर म्हणतात, मिळाली नाही. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला मिळाली आणि ह्यांनाच कशी नाही? वहिनी म्हणाल्या, "खराडे वहिनी, मनातलं लिहीत जा. हलकं वाटतं." त्या एम.ए., त्यांचे साहेब चीफ केमिस्ट. त्यांच्या मनात काही चांगलंचुंगलं असेल. मी पाचवी पास. माझ्या मनात नुसता राग आहे.

तर राग लिहिते.

नऊ वर्षं झाली या केनियात. सांगलीकडं ऊस, इथंही ऊस. तिकडं मळीचा वास, इथंही तोच. मधे समुद्र ओलांडून मी काय मिळवलं ते मला अजून कळलेलं नाही. हे पॅनमन. पाक शिजवून त्याचा दाणा पाडायचा. काचेच्या पट्टीवर थेंब घेतात, अंगठ्यानं चोळतात आणि सांगतात, झाली, उतरवा. इथं त्यांना फुंडी म्हणतात, म्हणजे कसबी माणूस. नाव झालं त्यांचं. आणि माझ्या पासपोर्टवर शिक्का, की ही बाई काम करणार नाही. जिनं जन्मात काम सोडून काही केलं नाही तिला असा शिक्का. केर, भांडी, कपडे नालियाका करते. मी तिच्या मागं मागं बोलत फिरते. माझी भाकरीसुद्धा तिनं काढून घेतली. काल म्हणते, "मामा सुहास, तुमची बघा, फाटका नकाशा. माझी बघा, पुनवेचा चांद." मी म्हटलं, चांद आहे तर जा वर जाऊन लटक. ती अर्धा तास हसत होती.

मामा सुहास म्हणजे मीच. इथं बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. सुहास पुण्यात. माझ्याशी आठवड्याला बोलतो तेही घाईत, पण इथं गावभर त्याच्या नावानं मी ओळखली जाते.

खरा राग पुढंच आहे. हे दोनच्या भोंग्याला सुटतात. चालत दहा मिनिटांवर घर. आणि येतात चार-साडेचारला. कुठं होता? "इथंच." इथं म्हणजे कुठं? "घरी." माझ्या तोंडावर सांगतात, घरी! मी दोनपासून त्याच घरात डोळे लावून बसलेली.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता.

१५ जानेवारी

काल दामल्यांकडं संक्रांतीचं हळदीकुंकू. तिळगूळ केला, तीळ इथलेच, चांगले निघाले. आपली चार घरं आणि दोन गुजराती. पुरुष बाहेर बसले होते, वहिनींना हुक्की आली की आज पुरुषांनीही उखाणे घ्यायचे. सगळ्यांनी घेतले. ह्यांची पाळी आली. मला वाटलं उठून जातील. नाही. ताडकन उभे राहिले, आमच्या लग्नातलाच घेतला, त्यांनी स्वतः जुळवलेला.

"उसाचा होतो रस, रसाचा होतो पाक…"

आणि थांबले. पुढं माझं नाव, मग 'मनातल्या मनात मारतो मी हाक', असा आहे तो. सगळे ओरडायला लागले, पुढं, पुढं! हे हसले. म्हणाले, "घेतलं की. मनातल्या मनात घेतलं."

हशा झाला. टाळ्या. वहिनी म्हणाल्या, "खराडे भाऊजी भारीच लबाड!"

घरी येताना मी तरातरा पुढं चालत आले. नाव जिभेवर येता येता अडतं कधी? तिथं दुसरं नाव येऊन बसलं असलं म्हणजे.

२४ जानेवारी

रविवार. सुटीचा दिवस. सकाळी सहाला अंघोळ करून, बूट घालून निघाले. म्हटलं, आज सुटी. म्हणाले, माहितीये. तरी दारात उभे. गेल्या रविवारीही असंच. सुटीच्या दिवशीही चैन पडत नाही तर.

चहाच्या वेळी टेबलावरची साखर चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळत बसतात. "अजून कच्ची आहे," म्हणतात. बाजारातली पिशवीतली साखर, कच्ची कसली? मी वाटी काढून घेतली.

३ फेब्रुवारी

कळलं.

पहारेकरी ओयागा सहसा कुणाचं कुणाला सांगत नाही, पण आज मी त्याला गवती चहा देताना सरळच विचारलं. तो काठीकडं बघत म्हणाला, "फुंडी चार नंबरला जातो, मामा. रोज."

चार नंबर. आलो तेव्हा आम्हीच राहायचो तिथं. सहा वर्षं काढली. छप्पर गळायला लागलं तेव्हा आम्हाला वर अकरा नंबर दिला, आणि छप्पर नीट करून चार नंबर फॅक्टरीच्या स्टोअरमधल्या त्या विधवेला. मामा माकोखा तिचं नाव. उंच, चांगली ठसठशीत बाई. रविवारी पांढरा झगा घालून चर्चला जाते. मी लावलेला कढीपत्ता तिच्या दारात आहे. आता नवराही.

नालियाकाला विचारलं, तुला माहीत होतं? ती कांदे चिरत राहिली. "बोल की गं!" तर म्हणाली, "पोले, मामा सुहास." इथं कुणी ठेचकाळलं तरी पोले, कुणी मेलं तरी पोले. यातलं कुठलं ते समजून घ्यायचं आपण.

ते आल्यावर मी विचारलं, चार नंबरला काय आहे?

माझ्याकडं असे बघत राहिले, जसं काही मीच पागल. "आपलं घर आहे," म्हणाले. "तुला काय झालंय?"

"आपलं घर अकरा नंबर."

"हां. तेच म्हणतोय."

डोळ्याला डोळा देऊन खोटं. मी ताट आपटलं. ते शांतपणे जेवले, हात धुतला आणि थोड्या वेळानं विचारतात, "आज जेवायला नाही का?"

माझ्या स्वयंपाकाची पण चेष्टा.

११ फेब्रुवारी

लाइट नाही दोन दिवस. मटण खराब झालं. जोंधळ्याचं पीठ संपलं. सुहासचा फोन, "आई, काय म्हणतात बाबा?" म्हटलं, बाबा मजेत आहेत, फार मजेत. त्याला टोमणा कळला नाही, म्हणाला, बरं झालं.

कुणाला सांगू? दामले वहिनींना सांगितलं की संध्याकाळपर्यंत चार घरांत. आई असती तरी काय म्हणाली असती, गप राहा.

गप राहणं माझ्याच्यानं होत नाही.

२० फेब्रुवारी

गेले. दोनच्या भोंग्यानंतर थोडी वाट बघितली आणि गेले चार नंबरला. पायात चपला नाहीत हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं.

हे व्हरांड्यात बसलेले. बूट काढून भिंतीला लावून ठेवलेले, जसे आम्ही तिथं राहताना ठेवायचे, अगदी त्याच जागी. पाय धुतलेले. हातात चहाचा कप. मला बघून म्हणाले, "आलीस? बाजार झाला?"

मी त्यांच्याशी बोललेच नाही. आत ओरडले, "बाहेर ये! चोरटे!"

मामा माकोखा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. घाबरली नाही की लाजली नाही. म्हणाली, "ये मामा सुहास. दोन महिने झाले तुझी वाट बघतेय."

"माझा नवरा घेतलास आणि माझी वाट बघतेस?"

"तुझा नवरा मला काय करायचाय गं? मी एक पुरलाय, तो पुरे झाला." तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बस. आरडाओरडा करून घसा सुकला असेल."

मी बसले नाही. ती सांगत राहिली. पहिल्या दिवशी हे असेच आले, बूट काढले, नळावर पाय धुतले आणि चहा मागितला. तिला वाटलं, काही कामानं आले असतील. थोरल्या माणसानं चहा मागितला, नाही कसं म्हणायचं? मग रोज. "मला विचारतो, आमची ही कुठं गेली? मी सांगते, बाजारात गेली, येईल. मग खुशीत बसतो. उन्हं कलली की मी म्हणते, फुंडी, चल, तुझी बायको वरच्या रस्त्यानं येतेय, पुढं होऊन गाठ तिला. अकरा नंबरच्या फाटकापर्यंत मी मागं असते. त्यानं वळून कधी बघितलं नाही, तूही कधी नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू माझ्याशी बोलतेस कधी? गेली तीन वर्षं तू माझ्या दारातल्या झाडाला रामराम करून जातेस, मला नाही."

मग म्हणाली, तिचा बाप असाच झाला होता. मेंढरं घेऊन जायचा ते मेलेल्या भावाच्या गोठ्यात. त्याला कुणी वेडा म्हटलं की ती मारायला धावायची. शेवटी शेवटी तिला तो धाकटी बहीण समजायचा.

मी म्हटलं, "माझा नवरा वेडा नाही. कामाचा थकवा आहे."

"असेल," ती म्हणाली. "थकवाच म्हण."

तिचा मुलगा शाळेतून आला. तिनं हाक मारली, माकोखा, पाया पड. मला बोलायला काही सुचेना म्हणून विचारलं, या नावाचा अर्थ काय? म्हणाली, उकिरडा. आधीची दोन जन्मून गेली. हा झाला तेव्हा सासूनं सांगितलं, उकिरडा म्हणा याला, म्हणजे मरणाला वाटेल टाकाऊ आहे, बघणार नाही याच्याकडं.

ह्यांचं नावही त्याच जातीचं. ह्यांच्या आधीची तीन गेली होती, सासूबाईंनी मुद्दाम ठेवलं. तिला सांगावंसं वाटलं की आमच्याकडंही असंच करतात, हाच माणूस त्यातला. पण सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं मला लग्नाच्या आधी सांगितलंय. मी आजवर नाही घेतलं. आता तर नाहीच.

ह्यांचा हात धरून घरी आणलं. वाटेत म्हणाले, "ती बाई चांगली आहे. कोण आहे ती?"

६ मार्च

किसुमूला डॉक्टरकडं. दामले वहिनी बरोबर आल्या, इंग्रजी बोलायला. गाडीत त्यांना शपथ घातली, साहेबांना सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी तेवढी वाईट नाही हो."

डॉक्टर ओमोलो शांत माणूस, केस पांढरे. ह्यांना काय काय विचारलं. महिना कोणता? हे म्हणाले, गाळप चालू आहे. मी वहिनींना म्हटलं, त्यांना समजावा, फॅक्टरीची माणसं महिने असेच मोजतात. घर कुठं? चार नंबर. मी म्हटलं, जुन्या सवयीनं. कागदावर घड्याळ काढा म्हणाले, ह्यांनी नुसतं वाटोळं काढलं आणि आत एक ठिपका. मी म्हटलं, ते पॅनचं भोक आहे, आत बघायचं. माझ्या मते बरोबरच होतं ते.

मग डॉक्टरनं माझ्याकडं बोट केलं. ह्यांचं नाव काय?

हे माझ्याकडं बघून हसले. तसंच, संक्रांतीला हसले होते तसं.

मला हसू आलं. वहिनींना म्हटलं, "सांगा हो डॉक्टरना, आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ह्यांनीच माझं नवं नाव लिहिलं, उखाण्यात एकदा घेतलं, ते घेतलं. त्यानंतर अगं, ऐकलंस का, एवढंच. हा काय नापास व्हायचा प्रश्न झाला!"

वहिनी खाली बघत बसल्या. मग काहीतरी थोडक्यात सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

मला विचारलं, ह्यांचं नाव? मी म्हटलं, फाइलीवर आहे की.

मेंदू आटत चाललाय म्हणे. औषध आहे ते नुसतं दिवस पुढं ढकलायला. दगदग नको, नवी जागा नको, आणि शक्य तितक्या लवकर आपल्या माणसांत न्या. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते सांगितलं नाही.

येताना रस्त्यात भाजलेलं कणीस घेतलं. ह्यांनी दाणे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवले. एक चिमटीत धरून चोळून बघितला.

७ मार्च

विचारावं असं दोनतीनदा तोंडावर आलं. सांगा बघू माझं नाव काय, एवढंच तर विचारायचं.

नाही विचारलं. लाजत असतील.

१९ मार्च

सगळे मिळून चोरी करतोय. सकाळी फॅक्टरीच्या फाटकापर्यंत मी सोडते. फाटकावर वाफुला उभा असतो, ह्यांच्या हाताखालचा पॅनमन. ह्यांनीच शिकवलेला. तो म्हणतो, "फुंडीला पट्टी देतो मी हातात, तो चोळतो, बरोबर सांगतो. अंगठा अजून शाबूत आहे, मामा." दोनच्या भोंग्याला मामा माकोखा स्टोअरमधून निघून त्यांना गाठते. वाटेत तिच्याकडं चहा. मीही जाते तिथं. तिघं बसतो. घरी मी केलेला चहा पीत नाहीत, तिथला पितात. तिच्याकडं आता माझी चपलांची जागासुद्धा ठरलीय.

कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडून घेतल्या तर म्हणते, "विचारून तोड, झाड माझं आहे." मी म्हटलं, लावलंय कुणी? "लावलंस तू, पाणी कुणी घातलं?" दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी हसले.

नऊ वर्षं घरी जायचं घरी जायचं करत होते. आता कळतं, जिथं ह्यांचे बूट कुठं ठेवायचे ते त्यांना ठाऊक आहे तेवढंच घर शिल्लक आहे. आणि ते दुसऱ्याचं आहे.

असंच चाललं तर दोन वर्षं तरी काढू. देवा, दोन वर्षं काढ.

२९ मार्च

नाही काढली.

काल वाफुलाची बायको बाळंत झाली म्हणून तो आला नाही. मला कुणी सांगितलं नाही. ह्यांनी पॅन लावला आणि उतरवायला विसरले. कुणीतरी विचारलंही म्हणे, फुंडी, उतरवायचा का? हे म्हणाले, अजून कच्चा आहे. फुंडी म्हणतोय म्हटल्यावर कोण बोलणार? आतल्या आत सगळं दगड झालं. आज माणसं आत उतरून घणानं फोडतायत. इथं टेकडीपर्यंत आवाज येतोय. ठण. ठण.

वाफुला धावत आला, साहेबांना म्हणाला, चूक माझी, मी चुकीचं सांगून गेलो. साहेबांनी त्याला बाजूला केलं.

संध्याकाळी दामले साहेब स्वतः आले. बसले नाहीत. "वहिनी, कधीपासून?" मी म्हटलं, कशाचं कधीपासून? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नाही. पण कुणाचा हात यंत्रात गेला असता तर, म्हणाले.

महिन्याभरात परत पाठवणार.

हे खिडकीशी उभे राहून घणाचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "कुणाचा तरी पॅन बसला वाटतं. वाईट झालं. नवशिक्या असेल."

४ एप्रिल

सुहासशी बोलले. आधी रडला. मग म्हणाला, "आई, फ्लॅट एवढासा आहे, आम्ही दोघंही कामावर. बाबांना दिवसभर बंद करून ठेवणार का? काही दिवस गावाकडं राहता का?" गावाकडं म्हणजे कुठं? घर दिराकडं, आम्हीच लिहून दिलेलं, आम्ही काय आता परत येतो म्हणून. त्यांना फोन केला तर जाऊबाई म्हणाल्या, "या की, चार दिवस."

चार दिवस.

आपल्या माणसांत न्या म्हणाले होते डॉक्टर. पत्ता द्यायला हवा होता.

१२ एप्रिल

इथला रिवाज आहे, कुणी जायला निघालं की बाकीच्या बायका येऊन सामान बघून जातात. मीही गेलेय दुसऱ्यांकडं. आज माझ्याकडं आल्या. मिक्सर कुणाला, इस्त्री कुणाला, पाटा-वरवंटा कुणालाच नको. एकीनं विचारलं, "आणि तुमची नालियाका?" नालियाका तिथंच उभी, हातात ट्रे. मी म्हटलं, ती काय इस्त्री आहे? पण ठरलंच होतं. नव्या पॅनमनच्या बायकोकडं जाईल, घराबरोबर.

सगळ्या गेल्यावर नालियाकानं भाकऱ्या थापल्या. एकही गोल नाही. मी म्हटलं, चांद कुठं गेला? ती परातीवर वाकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "पोले." दुसरा शब्द नव्हताच.

१७ एप्रिल

उद्या सकाळी गाडी.

दुपारी सामान बांधत होते. हे खुर्चीत होते. पेटीचं कुलूप लावून वळले तर खुर्ची रिकामी. बूट तिथंच; ते उचलून मी पळाले.

चार नंबरला नव्हते. मामा माकोखा हातातलं टाकून निघाली. फॅक्टरीच्या फाटकावर नव्हते. ओयागा म्हणाला, कुणीतरी म्हातारा अनवाणी टेकडीमागच्या उसात शिरताना बायांनी बघितलाय. आणि आज तोच तुकडा पेटवायचा होता, उद्याच्या तोडणीसाठी. मुकादम पेटती चुडी घेऊन बांधावर उभा. वाफुला त्याच्या अंगावर धावून गेला, विझव म्हणाला. मुकादमानं विझवली, पण म्हणाला, खालच्या कडेला दुसरी टोळी आहे, तिला सांगायला माणूस पाठवलाय, पोचला तर बरं.

ऊस दोन पुरुष उंच. आत दिसतंय काय? सगळे हाका मारायला लागले. फुंडी! फुंडी! दामले साहेब आले, ते ओरडले, खराडे! मिस्टर खराडे! पानं सळसळत होती, बाकी काही नाही. खालच्या बाजूला धुराची एक रेघ दिसली. चुडीचा होता की चुलीचा, कुणाला ठाऊक.

मी ओरडत होते, अहो! अहो, ऐकलं का! अठ्ठावीस वर्षं एवढ्यावर त्यांनी मान वळवली. पण मी कुणाची कोण हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला माझं अहो कसं ऐकू जाणार?

मामा माकोखानं माझा दंड धरला. "नावानं मार हाक. त्याच्या आईनं ठेवलेल्या."

"आयुष्य कमी होतं."

"कुणाचं? आत आहे त्याचं?"

मी बांधावर चढले. पदर खोचला. सासूबाई तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभ्या राहून शेवटपर्यंत मारायच्या तशी, लांबवून हाक मारली.

"केर-बा! ए केरबा!"

एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घसा फाटला. मग डावीकडं पानं हलली आणि आतून आवाज आला, बारीक, पोरासारखा. "आलो!"

बाहेर आले. गालावर, हातावर पात्यांनी कापलेलं. पाय चिखलात. मुठीत उसाचं पान. माझ्यापर्यंत आले, माझ्या मागं बघितलं, उजवीकडं बघितलं. जिनं हाक मारली ती कुठं दिसेना म्हणून असेल. मग माझ्याकडं बघितलं, परक्या बाईकडं बघावं तसं, अदबीनं.

"तुम्ही बोलावलंत?"

"हो."

"नाव काय तुमचं?"

बांधावर सगळे उभे होते. ते मला मामा सुहास म्हणतात, खराडे वहिनी म्हणतात. कुणालाच माहीत नव्हतं.

"शालन," मी म्हटलं.

ते अंगठा बोटावर चोळत राहिले.

"कुणी ठेवलं?"

"नवऱ्यानं."

"चांगलं ठेवलंय," म्हणाले, आणि चार नंबरच्या वाटेला लागले. मी बूट हातात घेऊन मागं मागं गेले.